लांब प्रसंगाची आणि मागच्या खोलीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंद्याने पटकथालेखिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. मुलाचा माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त विश्वास आहे.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते माझ्यामागे मुलाला मिळावे. मात्र मागच्या खोलीत माझी नणंद, म्हणजे त्याची आत्या, हयातभर राहील. स्वयंपाकघरावर तिचा त्याच्याइतकाच हक्क असेल. मध्यंतरी मुलगा म्हणाला, "आत्याची कुठंतरी चांगली सोय करू या." चांगली सोय म्हणजे काय ते मला कळते, असे संवाद लिहूनच मी हे घर चालवले. तिला तिच्या मर्जीविरुद्ध हलवल्यास घर तिचे होईल.

२. बँकेतली शिल्लक दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. लिहायचे टेबल मुलाला. डुगडुगणारी खुर्ची माझ्या शेवटच्या पटकथेच्या दिग्दर्शकांना द्यावी. कारण कलम ४ मध्ये आहे.

३. नणंद शिवणकाम करते. माझी प्रत्येक पटकथा मी तिच्यासमोर उभी राहून वाचली. प्रसंग लांबला तरी ती कधी बोलली नाही, नुसता सुईचा वेग वाढायचा. तिथे मी पेन्सिलीने खूण करायची. बहुतेक वेळा त्या जागी कोणीतरी एकच गोष्ट दुसऱ्यांदा मागत असे. मग ती मागणी खोडायची, नाहीतर विनवणी सोडून त्याला धमकी द्यायला लावायची. प्रसंगात काहीतरी बदलत असेल तर तो कितीही चालतो. सुई थांबली की तो पास. हे शिक्षण मला फुकट मिळाले, म्हणून माझ्या सर्व पटकथांचे हक्क नणंदेला देत आहे.

४. शेवटच्या पटकथेत दोन म्हाताऱ्या शेंगा सोलत बसतात. एकीला घर सोडायला सांगितलेले आहे आणि दुसरीला ते ठाऊक आहे. बोलतात मात्र भलतेच. दिग्दर्शक म्हणाले, "फार ताणलंय हो बाई. मध्येच एकीला बाहेर पाठवा, नाहीतर फोन तरी वाजू दे." मी म्हटले, "फोन तुमच्या घरी वाजवा." या प्रसंगाला कात्री लावण्याचा अधिकार फक्त नणंदेला आहे. तिने पुरता कापला तरी माझी हरकत नाही. दिग्दर्शकांनी त्यात नाक खुपसू नये.

५. इथवरचा मसुदा नणंदेला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पोराला असं बांधून घालू नकोस गं वहिनी. ठेवेल तो मला."

मी म्हटले, "ठेवणार असेल, तर कलमानं त्याचं काय बिघडतंय?"

तिने सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाली, "खोली दिलीस, पैसे दिलेस. तू गेल्यावर मी बोलू कुणाशी?"

मला तिच्यावाचून करमत नाही, हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही. ते येथे नोंदवते. तिच्या प्रश्नावर कलम सुचले नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही: पटकथालेखिका

साक्षीदार, दोघांनी माझ्यादेखत सही केली:
१. डॉक्टरीणबाई
२. शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले

स्थळ: राहत्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक: साक्षीदारांनी स्वहस्ते घातला आहे