सातव्या रॉकेटमधलं अंडं

पश्चिम कॅन्सस,
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप लुसीलताईस,

धाकट्या हार्लनचा शेताच्या बांधावरून नमस्कार. इकडे आम्ही दोघं सुखरूप. गहू कापून झाला, आणि तुझी भावजय मर्ना शनिवारपासून माझ्याशी पूर्ण वाक्यांत बोलते आहे. एर्विनदाजींची दाढ काढली का, की अजून वाटाघाटी चालल्यात? (मनापासून विचारतोय, नुसती रीत म्हणून नाही.)

माझी पहिली सहा रॉकेटं नाकावर आपटली, हे तुला मर्नाने कळवलंच असेल. दोष माझा नव्हता. रॉकेटच्या मोटरमध्ये बारूद असते, ती मोजून काही सेकंदांनी पेटते आणि पॅराशूट बाहेर ढकलते. पण माझ्या मोटरींना आकडे येत नसावेत. यावर उपाय म्हणजे उंचीमापक. वर जाताना हवेचा दाब उतरतो. तो पुन्हा चढू लागला की यंत्राला कळतं, आपले वर जायचे दिवस संपले, आणि ते पॅराशूट सोडतं. (हे माणसांनाही कळायला हवं, पण आमच्या क्लबचा अध्यक्ष डेल्बर्ट स्टकी चौदा वर्षं खुर्चीवर आहे.) डेल्बर्टकडे दुकानातलं महागडं यंत्र आहे. मी ठरवलं, आपण घरीच स्वस्तात करायचं. मुगाच्या डाळीएवढा दाबमापक, स्मोक अलार्ममध्ये असते तसली चौकोनी बॅटरी, आणि बाहेरून माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची रिकामी डबी. प्रेशर मोजायला तीच योग्य.

हे काम चुकून चालणार नव्हतं, कारण मर्नाने अट घातली होती : सातवं फुटलं तर रॉकेटं बंद, आणि दर बुधवारी तिच्याबरोबर नाचाच्या वर्गाला यायचं. ताई, तू मला नाचताना पाहिलं आहेस.

म्हणून मी यंत्राची चाचणी तालुक्याच्या इस्पितळातल्या लिफ्टमध्ये घेतली. आमच्या भागात सहा मजले चढून सहा मजले उतरणारी तेवढी एकच गोष्ट आहे. रॉकेट मांडीवर घेऊन स्टुलावर बसलो. (बारूद नव्हती, स्प्रिंग लावली होती. मला अक्कल आहे.) सहाव्या मजल्यावर पाद्रीबाई मिसेस लिंडक्विस्ट आत आल्या, हातात कुणा पेशंटसाठी हिरव्या जेलीचा वाडगा. लिफ्ट खाली निघाली आणि पॅराशूट फट्‌दिशी उघडून त्यांच्यावर बसलं. ते मी डबल बेडच्या चादरीचं शिवलं होतं, त्यामुळे बाई दिसेनाशाच झाल्या. मी आनंदाच्या भरात माफी मागायची सोडून विचारलं, "कितवा मजला होता?" आतून शांत आवाज आला, "पाचवा. आणि हार्लन, जेली माझ्या बुटात आहे." मी वहीत टिपून घेतलं : एक मजला उशीर.

शनिवारी स्पर्धा होती. रॉकेटमध्ये कोंबडीचं अंडं ठेवायचं आणि पाचच्या आत शाबूत आणून दाखवायचं. रॉकेट अडीच हजार फूट गेलं आणि नेमक्या टोकावर पॅराशूट उघडलं, ताई, अगदी नेमक्या. लोकांनी टोप्या काढल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग वारा आला. तू कॅन्ससचा वारा विसरली नसशील. त्याने ती चादर धरली आणि रॉकेट ऐटीत पूर्वेकडे चालतं झालं. आधीची सहा फुटली, पण सापडली. हे धडधाकट राहिलं आणि गेलं.

मर्ना पिकअप चालवत होती, मी मान बाहेर काढून आभाळ बघत होतो, मध्ये डेल्बर्ट नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन. चार मैलांवर आयडा कोनराड नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या परसात चादर वाळत घातल्यासारखी दोरीवर दिसली. रॉकेट पायरीशी उभं, पोट उघडं. मी अंडं विचारलं.

"ते होय?" बाई म्हणाल्या. "मी केक करत होते, एक अंडं कमी पडत होतं. बाहेर आले तर हे. आभाळातून आलेलं अंडं मी काय परत पाठवू?"

डेल्बर्ट म्हणाला, अंडं दाखवल्याशिवाय निकाल नाही. मी म्हणालो, भट्टीत आहे, बघ. तेवढ्यात बाईंनी केक काढला आणि त्याच्यापुढे बशी ठेवली. त्याने दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला, आणि तोंड पुसत बाईंना विचारलं, "फोडलंत तेव्हा तडा होता का?"

"मी तडकलेलं अंडं वापरत नाही," बाई म्हणाल्या, अशा आवाजात की डेल्बर्टने पुस्तक मिटलं. ढाल मला मिळाली. मर्नाने परतीच्या वाटेत माझा हात धरला होता. (गिअर बदलताना सोडत होती.) सर्वांना नमस्कार.

तुझा,
हार्लन

ता. क. : पत्र मर्नाला वाचून दाखवलं. ती म्हणते, स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म बॅटरी संपत आल्याने सारखा चिवचिवत होता म्हणून तिने शुक्रवारीच माझ्या डबीतली बॅटरी काढून त्यात घातली. मी जाऊन पाहिलं. खरं आहे. म्हणजे शनिवारी यंत्र झोपलेलं होतं, आणि सातव्या मोटरला आकडे येत होते.

ता. ता. क. : येत्या रविवारी क्लबात माझा सत्कार आहे. डेल्बर्ट सगळ्यांसमोर यंत्र उघडून समजावून सांगणार आहे. तरी कृपा करून तू शनिवारी आजारी पड. फार नको, मला यावं लागेल इतकीच.