शहापूरच्या थेटरात सिद्दी मंडळींनी कुठे बसावे

मी, श्रीनिवास रामचंद्र हुदलीकर, वय बावन्न, वर्तमानपत्राचा वार्ताहर व एका थेटराचा मालक, राहणार टिळकवाडी, बेळगाव, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की माझी प्रकृती बेताची असली तरी बुद्धी शाबूत आहे. एका बाबतीत मात्र ती गोंधळली आहे. काव्य, व्याकरण, न्याय शिकूनही त्या बाबीचा उलगडा झाला नाही. यात गुरुजनांचा दोष नाही.

कलम १. टिळकवाडीचे घर व विहीर माझे कुटुंब सौ. यशोदाबाई हिला. विहिरीवर शेजाऱ्यांचा हक्क नाही. तो त्यांनी सांगितल्यास भांडू नये. मी भांडलो, त्यांनी पाणी नेलेच.

कलम २. संस्कृत ग्रंथ निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, माझे स्नेही पद्मराज यांना. ते वाचणार नाहीत, पण वाळवीलाही वाचू देणार नाहीत. माझी कात्री आमच्या संपादकांना. माझ्या मजकुराची शेपटे छाटून त्यांची बोथट झाली असेल.

कलम ३. थेटर. हे शहापुरात, म्हणजे सांगली संस्थानात. मी राहतो इंग्रजी हद्दीत. कागद कोणत्या कचेरीत न्यायचा हा घोळ वारसांनी निस्तरावा. माझा घोळ वेगळा आहे.

खानापूरच्या रानातले सिद्दी लाकडाच्या गाड्या घेऊन थेटराजवळच्या खासबागेत येतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. इथे पिढ्या गेल्या, बोली आपलीच झाली, तरी रंग आणि केस पाहून लोक वळून बघतात. ही मंडळी थेटराच्या भिंतीला टेकून बाहेरूनच पदे ऐकत. दारवानाला विचारले तर म्हणे, "मी कुटं नको म्हनतोय अण्णा? त्येच इचारत न्हाईत."

मी मनावर घेतले. पुढे गादीचे बाक राखले, त्यावर 'सिद्दी बंधुभगिनींसाठी' अशी पाटी लावली, दारात अत्तर-गुलाबपाणी ठेवले आणि पडदा उघडण्याआधी समतेवर श्लोकांसह भाषण केले. जयाबाई सिद्दी नवऱ्यासह आली. सगळे थेटर नाटक सोडून त्या बाकाकडे पाहू लागले. इतक्यात राक्षस आला. आमच्याकडे रामाला नीळ फासतात, राक्षसाला काजळ. पिटातल्या स्वस्त जागेतून कोणीतरी राक्षसाकडे बोट केले, मग बाकाकडे. हशा पिकला. दोघे उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी गाड्यांच्या अड्ड्यावर गेलो. जयाबाई म्हणाली, "नाटक दावाया बोलिवलंसा, का आमास्नीच दावाया?"

"बाई, मी मान दिला."

"मान लई झाला. बसाया जागा कुटं हुती? आन देव निळा, राक्षस काळा, हे कुणी ठरिवलं?"

गादीवर बसलेली बाई जागा नव्हती म्हणते. याला शास्त्रात वदतोव्याघात म्हणतात. मी तसे घरी सांगितले. कुटुंब म्हणाले, "तुम्ही दारात उभे राहू नका, म्हणजे झालं."

पुढच्या खेळाला यशोदाबाईने जयाबाईला बायकांच्या दाराने आत घेतले. आत नागुबाई, शहापूरच्या विणकराची बायको, बहिणीसाठी पासोडी पसरून जागा धरून बसलेली.

"नागुबाई, पासोडी उचला. ही तिकीट काढून आली आहे."

"माजी भन येनार हाय."

"आली की बघू."

"आन आक्का," जयाबाई म्हणाली, "त्या खांबाआड मी न्हाय बसनार हां!"

नांदीभर तिघी भांडल्या. शेवटी नागुबाई म्हणाली, "बस बाई, बस. पर डोस्कं हालवू नगंस, मला दिसत न्हाय." शेवटच्या अंकात दोघींनी एकाच पदराला डोळे पुसले असे कुटुंब सांगते, तो अतिशयोक्ती अलंकार असावा. पण जयाबाई त्यानंतर येत राहिली, आपल्या बायकांना घेऊन.

गुलाबपाण्याने झाले नाही ते भांडणाने कसे झाले, मला अद्याप कळलेले नाही. ज्याला कळत नाही त्याने थेटर चालवू नये. पुतण्या परशराम याने थेटराची आशा धरली होती, पण तो सिद्दींसाठी मागून निराळे दार काढू म्हणतो. त्याला माझी छत्री द्यावी. थेटर यशोदाबाईला, पुढील अटींवर:

(अ) राक्षसाला काजळ फासू नये. नटांनी कुरकुर केल्यास सांगावे की शास्त्राप्रमाणे रामच श्यामवर्ण आहे; काजळ उरले असल्यास त्याला लावा.

(आ) सिद्दी मंडळींना सदैव फुकट प्रवेश द्यावा.

सहीपूर्वी हे सर्व साक्षीदार पद्मराज व जयाबाई यांच्यापुढे वाचले. (आ) येताच जयाबाईने हात वर केला.

"त्ये फुकट खोडा."

"अहो, ते तुमच्या भल्याचं आहे."

"फुकट बसल्याला उटिवत्यात, अण्णा. तुमी हाईसा तंवर न्हाय कुनी उटिवनार. तुमच्यामागं?"

पद्मराजांनी दौत माझ्यापुढे सरकवली. म्हणून (आ) खोडून असे लिहिले:

(आ) तिकीट काढून बसलेल्या कोणालाही, कोणासाठीही, जागेवरून उठवू नये. साहेब आला तरी, संस्थानिक आले तरी.

एक अट खोडून नवी घातली आहे. ती वाचून, समजून कबूल. म्हणजे कबूल नक्की, समजून बहुधा.

मुक्काम बेळगाव, ता. ९ नोव्हेंबर १९३६

सही: श्री. रा. हुदलीकर

साक्षीदार:
१. पद्मराज बिन गुंडाप्पा, निपाणी. सही.
२. जयाबाई कोम भरमू सिद्दी, तालुका खानापूर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. एक येथे, आणि तिच्या आग्रहावरून दुसरा वर, खोडलेल्या ओळीवर.