बोगनवेलीची बांधी

राजुरा, ४ फेब्रुवारी २०२५

चि. अंकुश यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, या खेपेला जरा हात आखडूनच.

वि. वि., इथल्या पोस्टातला डिंक वाळून दगड झाला आहे. सभ्य नागरिकाला आपला संताप नीट चिकटवूनही पाठवता येऊ नये, याचा मी प्रथम निषेध नोंदवते. शेवटी भाताची शितं लावली. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा खटाटोप.

दोन्ही गुडघे बदलून अडीच महिन्यांनी नागपूरहून घरी आले. तू क्वार्टर सांभाळलंस. मांजर जाड झालंय, कुलूप जागेवर आहे. आणि बोगनवेल? दर फेब्रुवारीत ती भिंत अशी गुलाबी व्हायची, की कोळशाचे ट्रकवालेही मान वळवून बघत. यंदा नुसता पाला. हिरवागार, तुकतुकीत, निर्लज्ज पाला. बुंध्याभोवती तू चक्क मातीचे धुरे घालून भातखाचरासारखी बांधी केलीस आणि पाणी साचवलंस. शेजारच्या शमीमभाभी सांगतात, वरून युरियाही फेकलास. अरे, ती काय धान आहे? तिला कडक ऊन लागतं, कोरडी माती लागते. तहानली की फुलते. पोट भरलं की नुसतं अंग धरते, आमच्या खाणीतल्या साहेबांसारखी.

३१ मार्चला मी निवृत्त होते, क्वार्टर सोडायचं. नवे साहेब वेल तोडून तिथं गाडी ठेवणार, भिंत मोजूनही गेले. हा तिचा शेवटचा बहर होता. तो तू बुडवलास.

लोभ तूर्तास बेतानंच धर.
सरिता

कुरखेडा, १३ फेब्रुवारी

ती. बाईस अंकुशचा दंडवत.

तुहं पत्र भेटलं. माह्या घरवालीनं, नीलाबाईनं, वाचून दाखवलं, शिव्या दोनदा वाचल्या.

तू मले दोन पानांची यादी देल्ली. मांजराले दूध किती, तेही लिहिलं. वेलीचं एक अक्षर नाई. मले धान येते. उभ्या झाडाचं पाणी तोडाचं, हे माह्या हाताले कसं सुचंल? पानं पिवळी पडून राह्यली होती, म्हून युरिया टाकला. जीव लावला, बाई.

आता माहं आयक. तू दवाखान्यात गेली तवा माहा धान कापाले आला होता. तू बोलावलं, मी विळा ठेवून आलो. मजूर भेटले नाई, नीलाबाईनं एकटीनं कापला. खालच्या दोन बांध्या रानडुकरांनं लोळवल्या. तू मांजर पाह्यलं, वेल पाह्यली. आमचा धान घरी आला का, हे काऊन नाई इचारलं? फोन म्हून उचलत नाई. राग तुलेच येते असं नाई.

लहान समजून माफ करू नको, मी मागत नाई.
अंकुश

राजुरा, २९ मार्च

चि. अंकुश यास आशीर्वाद, या खेपेला पुरते.

तुझं पत्र दीड महिना उशीखाली होतं. लिहायला बसले की आधी तुझा राग यायचा, मग स्वतःचा. दोन्ही एका कागदावर मावेनात.

बांधी मोडली, पाणी तोडलं. पन्नास दिवसांत रस्त्याकडच्या एका फांदीला रंग आला, तळहाताएवढा. शमीमभाभी म्हणतात, अजून पंधरा दिवस मिळते तर भिंत भरली असती. पंधरा दिवस नाहीत. साहेबांचा माणूस परवा कुऱ्हाड घेऊन येणार, म्हणून आज मीच कात्री चालवली.

सोबत ओल्या गोणपाटात सहा कलमं आहेत, पेन्सिलीएवढी जाड, जून लाकडाची. मुळं धरेपर्यंत ओल ठेवायची, मग भर उन्हात लावून पाण्याचा हात आवरायचा. बहर ओसरला की छाटायची.

यातलं एकही तुझं नाही. मी अंथरुणात असताना जिनं एकटीनं शेत कापलं, तिचं देणं माझ्यावर होतं. सहाही नीलाबाईच्या हातात दे. कुठं लावायची, ते ती ठरवेल.

तुझी,
सरिता