रुमालाखालचा कंप्युटर

५ जुलै, शनिवार
म्हैस विकली. गुडघे धरतात, धारेला बसलं की उठवत न्हाई. लेक बाळू जीपवर, सून देवाघरी. किती दिवस ओढायचं.
बाजारातला हेडी, म्हशींचा दलाल, हसला. म्हणला, "मावशी, घरात गडीमाणूस न्हाई का?" मी म्हणलं, "गडी जीप चालवतो. म्हशीची अक्कल माझ्याकडं हाय. हात पुढं कर."
ह्यांचा, माझ्या गेलेल्या मालकांचा, डोक्याचा रुमाल नेला होता. हातावर टाकला, खाली बोटं धरली, भाव बोटांनीच बोलायचा. त्यानं दाबली, मी झटकली. पुन्हा दाबली. शेवटी एक लाख पाच. भोवती दहा माणसं उभी होती, एकालाही कळलं न्हाई. रुमाल त्याचसाठी असतो. पावतीवर कमीच लिहितात, ते सगळ्यांना माहीत.
घरी येऊन बाळूला पासष्ट हजार सांगितले. लेकाशी खोटं बोलले. त्यानं पावतीसुद्धा बघितली न्हाई. चाळीस माझ्या ट्रंकेत.
ही दुधाची वही अर्धी कोरी राहिली. सकाळ, संध्याकाळ, फॅट. आता यात लिहिते. बाळू ही उघडत न्हाई.

७ जुलै, सोमवार
मुक्ता म्हणजे बाळूची एकुलती लेक. पुढं नुसतं मु. लिहिते. दोन वर्षं लातुरात ठेवली, डॉक्टरकीच्या क्लासला. दोन्ही वेळा मार्क कमी. निकाल लागल्यापासून माडीवर बसून राहिली. जेव म्हणलं की जेवते, न्हाई म्हणलं तर उपाशी.
बाळू म्हणतो तिसरं वर्ष. पंचवीस तारखेपर्यंत फी भरायची. म्हशीचे पासष्ट त्यातच चाललेत. पोरीला विचारलंस का म्हणलं तर, "तिला काय विचारायचं? तिच्याच भल्याचं हाय."
आज मीच विचारलं. माडीचे जिने चढून. बारा पायऱ्या, तीनदा टेकले.
"तुला काय पाहिजे ते सांग. डॉक्टरकी सोडून."
मग भिंतीकडं बघत, "गेमिंगचा कंप्युटर."
"त्यानं काय होतं?"
"काही न्हाई. खेळता येतं."
काहीतरी व्हावं म्हणून दोन वर्षं गेलीच की. म्हणलं, किती पडतो? म्हणली, लई. म्हणलं, चाळिसात बसव. तेव्हा मान वळली माझ्याकडं.
पैसे कुठले ते विचारलं न्हाई. मीपण सांगितलं न्हाई.

९ जुलै, बुधवार
तयार मिळत न्हाई म्हणे चांगला. म्हणजे मिळतो, पण दुकानदार आत काय भरेल त्याचा भरवसा न्हाई. एकेक पार्ट निवडून आपणच जोडायचा. हे मला पटलं.
मु. नं कागदावर लिहून दिलं. प्रोसेसर. मदरबोर्ड, हा गोठा, सगळे ह्यातच बांधायचे. रॅम. एसएसडी. ग्राफिक कार्ड, चित्र हेच काढतं, महाग हेच. ते जुनं घेऊ म्हणली, नवं आपल्याला झेपत न्हाई. पावर सप्लाय. डबा. पडदा.
मी म्हणलं, पावर सप्लाय हलका घे, नुसती लाईट तर द्यायची त्याला. तर केवढी तडकली! "आज्जे, सगळ्यांना चारा तोच घालणार. तो मेला की सगळ्यांना घेऊन मरतो." चार कागद केले, चारी फाडले. पाचव्यात डबा हलका केला, पावर सप्लाय जागच्या जागी.
दोन महिन्यांत एवढं बोलली न्हवती. भांडली का होईना.

१२ जुलै, शनिवार
लातूर. बाळूला सांगितलं गुडघा दाखवायला चालले, सोबत मु. खोटं एकदा सुरू झालं की रोज लागतं, चहासारखं.
रिक्षावाल्यानं नेमकी क्लासच्या रस्त्यानं नेली. पोरंच पोरं, पाठीवर दप्तरं, सगळ्यांची तोंडं उतरलेली. मु. चप्पल नीट करायला वाकली ती रस्ता संपेपर्यंत वाकलेलीच. चपलेला बंद न्हवता.
दुकानातल्या माणसानं लाल-निळ्या दिव्यांचा डबा पुढं केला. "आजी, नातवाला लई आवडंल."
"नातू न्हाई, नात हाय. आन् ती तुझ्यासमोर उभी हाय. दिवे लावायला तिला काय वरात काढायची हाय?"
मग मु. बोलायला लागली. ह्या बोर्डात हा प्रोसेसर बसतो का, रॅम एक नको, दोन द्या, हा पावर सप्लाय नको, तो वरचा. तो माणूस दोनदा आत जाऊन विचारून आला. तिसऱ्यांदा खुर्ची दिली तिला. मला न्हाई दिली, मेल्यानं.
पडद्यासकट एकतीस गेले. कार्डाला नऊ उरले. येताना खोकी मांडीवर. पाय बधिर.

१४ जुलै, सोमवार
खोकी ज्वारीच्या कणगीमागं ठेवली. बाळूनं बघितलीच. "आई, हे काय?"
"गुडघ्याचं यंत्र. शेक देतं."
"एवढं मोठं?"
"गुडघे दोन हायत."
हसला आणि गेला. जाताना म्हणला, जीपचे टायर पुढच्या वर्षी बघू, होस्टेलचं आधी. टायर बघितले मी. हात फिरवला तर टक्कल हाय नुसतं. त्याच्यावर दहा-दहा माणसं बसवून घाट उतरतो.
मला वाटलं होतं हे सोपं असंल.

१७ जुलै, गुरुवार
काल नांदेड. काल लिहायचं अंगात न्हवतं. सकाळची पहिली यष्टी. बाळूला म्हणलं, बहिणीला भेटून येते.
जुन्या सामानाचं दुकान, माजिदचं. मु. नं फोनवर शोधलं होतं. तीन पंख्यांचं कार्ड, केवढं थोरलं, दहा हजार. म्हणला, "एकदम मख्खन हाय, अम्मा."
मी म्हणलं, तीन धारा बघून घेणार.
"मतलब?"
म्हैस घेताना दावणीला तीन वेळा स्वतः धार काढून बघायची, मगच पैसे. बाजारात कास तुंबवून आणतात, एक वेळ कुणीपण भरून दाखवील. तिसऱ्या धारेला खरं कळतं. तसं हे कार्ड सकाळी, दुपारी आणि चारला, तीनदा चालवून दाखव. प्रत्येक वेळी तासभर, भारी खेळ लावून.
"अम्मा, ये क्या जनावराचा बाजार हाय?"
"दहा हजार माझे जनावराचेच हायत."
आतून कुणीतरी हसलं. माजिदचे अब्बा, खाटेवर बसलेले. म्हणले, "बैठने दे. बाई सही बोलती." बाजारात बैलांना नाल ठोकायचे ते, आयुष्यभर. ह्यांचं नाव सांगितलं तर ओळख निघाली. आमच्या खिलारी जोडीला त्यांनीच नाल मारलेत. बैलांची नावंसुद्धा ध्यानात, लेकाचा वाढदिवस नसंल.
पहिली धार बरी. दुसरी बरी, मु. म्हणली जरा जास्तच गरम हाय. मधे माजिदनं भाजी-रोटी आणली, मी शेंगाची चटणी सोडली. तिसरीला चाळीस मिनटांनी पडद्यावर रेघा. मग काळं.
मु. म्हणली, "हे पैसे खोदायला लावलेलं हाय." म्हणजे कंप्युटरवर कसली नाणी काढतात म्हणे, त्याला वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालवलेलं. एक दिवस सोडलं न्हाई. जुंपून जुंपून मारलं आणि पुसून बाजारात आणलं.
माजिदचं तोंड उतरलं. तोपण फसलाच होता, घाऊक घेतलेलं. दुसरं काढलं, दोन पंख्यांचं, लहान. नेटकॅफे बंद झालं त्यातलं. साडेनऊ म्हणला. मु. नं उलटंपालटं केलं, वास घेतला, स्क्रू बघितले. हेच म्हणली. दुकान बंद होईस्तोवर तेपण चालवलं, गप चाललं.
भाव ठरवायला अब्बा उठले. मी पिशवीतनं रुमाल काढला. ते हसले, हात पुढं केला. त्या हातावर जुने घट्टे. दाबलं, झटकलं, दाबलं. साडेसात. आणि एक महिना बिघडलं तर परत, हे तोंडानं.
माजिद बघतच राहिला. "अब्बा, कितने में दिया?"
"जितने में दिया, उतने में दिया."
मु. पण बघत होती. रुमालाकडं न्हाई. माझ्या तोंडाकडं.

परतीच्या यष्टीत लोहा गेल्यावर मला म्हणली, "आज्जे, म्हशीचा भाव खरा किती आला?"
पोरगी नापास कशी झाली देव जाणे.
सांगितलं. एक लाख पाच. खिडकीतनं बाहेर बघत राहिली. मग म्हणली, "म्हणजे तूपण मला न विचारताच."
"विचारलं की. काय पाहिजे म्हणून."
"कशातलं देणार ते न्हाई सांगितलंस. पप्पांचे टायर बघितलेस?"
बघितलेत म्हणलं. अहमदपूरला थंड भजी खाल्ली. मग तिनंच माझा हात पदराखाली ओढला. "शिकव." एक बोट, दोन बोटं, अर्धा कसा, नको कसं, हजार का लाख ते आधी कानात सांगायचं. शिरूर येईपर्यंत मला दोनदा फसवलं.

१९ जुलै, शनिवार
बाळू लांबच्या भाड्यावर, देवदर्शनाची माणसं घेऊन. गुरुवारी येणार.
मु. नं माडीवर चादर अंथरली आणि जोडायला घेतलं. आधी लोखंडाला हात लावते, मग पार्टाला. का ते विचारलं, अंगातली वीज जाते म्हणली. माझ्या अंगातली कधीच गेली, मी स्क्रू धरले. एवढाले बारीक, ज्वारीचे दाणे. एक हरवला, माझ्याच निऱ्यांत निघाला.
चारला बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.
काढलं, बसवलं. काळाच. पोरगी पांढरी पडली. "सगळं वाया घालवलं मी. कशालाच न्हाई मी लायक." लातूरहून निकाल घेऊन आली तेव्हासुद्धा एवढी रडली न्हवती. तेव्हा रडलीच न्हवती, आता दोन्हीचं एकदम.
मला जवळ घेणं जमत न्हाई. म्हणलं, "नवी म्हैस पहिल्या दिवशी पान्हा सोडत न्हाई. तोंड धू. चहा पी. मग बघ."
चहा पिऊन मागं वाकली आणि कपाळावर हात मारला. पडद्याची वायर कार्डाला लावायची ती बोर्डाला लावलेली. तीन दिवस मला शिकवत होती चित्र कार्डच काढतं म्हणून!
लागला.

२२ जुलै, मंगळवार
खेळत बसलीय. हातात बंदूक, कुठलंतरी जळकं गाव. मधेच त्या पडद्यातल्या माणसाला "मुडद्या" म्हणली. माझाच शब्द. बरं वाटलं न्हाई असं न्हाई.
स्वतःहून खाली येऊन जेवली. दोनदा.
जेवताना म्हणलं, फीचं काय? म्हणली, "मी बोलणार हाय पप्पांना." काय बोलणार ते सांगितलं न्हाई. जाते म्हणणार, न्हाई जात म्हणणार, का कंप्युटर विकून टायर घाला म्हणणार. तिच्या डोक्यात काहीपण येतं. मला आता खोटं बोलायचासुद्धा कंटाळा आलाय.
दूध विकतचं आणते. पाणीच हाय.

२४ जुलै, गुरुवार
बाळू दिवे लागायच्या आत आला. माडीवरून गोळ्यांचे आवाज. चढून गेला, मागनं मी. बारा पायऱ्या.
दारात उभा. कंप्युटर बघितला. मग मला बघितलं. "हे गुडघ्याचं यंत्र?"
मी पायरीला टेकले.
"किती पडलं, आई?"
तोंड उघडलं होतं मी. बहिणीनं दिला म्हणणार होते, तयारच होतं. मु. खुर्चीवरनं उठली. खुंटीवरचा रुमाल काढला, आपल्या हातावर टाकला आणि बापापुढं धरला.
"हा काय पोरखेळ," बाळू हसला. पण हात घातला खाली. ह्यांच्याबरोबर बाजार केलेत त्यानं लहानपणी.
ती त्याच्या कानाशी लागून काहीतरी म्हणली. लाख का हजार, ऐकू आलं न्हाई. रुमाल हलला. कंप्युटरच्या किमतीला एवढा वेळ लागत न्हाई, म्हशीचा खरा भाव सांगितला पोरीनं. त्याचं हसू गेलं. एकदा माझ्याकडं बघितलं, ते मी सांगणार न्हाई कसं ते.
वाटलं आता हात काढून घेतो आणि ओरडतो. काढला न्हाई. त्यानंपण काहीतरी दाबलं. तिनं झटकलं. पुन्हा दाबलं. तिनं मान हलवली, स्वतः दाबलं. बापलेक तोंडानं एक शब्द न्हाई. मी तिथंच, पायरीला टेकून. रुमालाखाली काय चाललंय ते तिसऱ्यानं विचारायचं न्हाई. मीच शिकवलंय.
लई वेळानं हात सुटले. बाळू खाली जाऊन रिकाम्या दावणीशी उभा राहिला. मग जीपच्या टायरवर पाय मारला, एकेक, चारी.
जेवताना म्हणला, "उद्या सकाळी लातूरला जाणार. मुक्ता येतीय संगं."
फीला का टायरला, विचारलं न्हाई. वाढलं.
मु. ची पेटी माडीवरच हाय, भरलेली न्हाई. कंप्युटर बंद करून त्यावर ह्यांचा रुमाल झाकलाय तिनं, चारी कोपरे नीट खोचून.