पिवळ्या डब्याचं शून्य

बाबा, तुमच्या त्या पिवळ्या डब्यानं माझं डोकं उठवलंय. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली, तरी न्यू यॉर्कजवळच्या पार्सिपनीच्या या घरात अजून तुमचंच चालतं. कारण आई म्हणते, "त्यांचं मशीन शून्य दाखवतंय ना, मग झालं!"

असले डबे, म्हणजे रेडिएशन मोजायची यंत्रं, तुम्ही सरकारी कंत्राटावर दुरुस्त करायचात. अणुबॉम्ब पडला की लोकांनी तळघरात बसायचं आणि बाहेर कधी यायचं ते काट्याकडे बघून ठरवायचं, अशी सरकारची योजना. काय एकेक डोकी! मी शाळेत असताना तुम्हीच मला बेसमेंटमधल्या तुमच्या टेबलाशी उभं करून सांगितलं होतंत, की बॉम्ब पडल्याशिवाय हा काटा हलायचा नाही, बारीकसारीक त्याला दिसतच नाही. मग आईला सांगायला काय झालं होतं? दर दसऱ्याला ती विळी आणि गाडीच्या किल्लीशेजारी तो डबा पाटावर मांडते, हळदकुंकू वाहते. तुम्ही होतात तेव्हा बटण फिरवून हसत हसत जाहीर करायचात, "शून्य! वर्षभर निर्धास्त!" न्यू यॉर्कचे टॉवर पडल्यापासून तर कहरच. मंडळातल्या काकू चहाला येतात, आई त्यांना शून्य दाखवते, आणि त्या निर्धास्त होऊन घरी जातात. मी आपलं कपाळ बडवून घ्यायचं.

यंदा मी बेसमेंटची रेडॉन टेस्ट करून घेतली. जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू. ना वास, ना रंग, पण फुप्फुसांची वाट लावतो. आपल्याकडे मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. तुम्ही जन्मात सिगरेटला हात लावला नाहीत आणि फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेलात. कशानं झाला, कोण सांगणार! पण आई रोज दुपारभर तिथेच, तुमच्या खुर्चीत जप करत बसते, आणि वायू बाहेर ओढणारा पंखा काही बसवू देईना. माणूस आला की त्याला डबा दाखवून परत पाठवायची.

परवा मात्र मी ओरडलेच. "आई, त्या काट्याला हे दिसतच नाही गं! बाबांनाही माहीत होतं!"

"मलाही माहितेय," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, एवढं कळत नाही होय मला? पण पंखा बसवला म्हणजे ते या घरानं गेले असं होईल. ते अपार्टमेंटमध्ये खूश होते. हे घर मी हट्टानं घ्यायला लावलं."

माझा सगळा राग तिथेच विरला. मग मी तिला सांगितलं, की डॉक्टर तेव्हाच मला बाजूला घेऊन म्हणाले होते, कामावर तारा जोडताना निघणाऱ्या सोल्डरच्या धुरानं झालं, घराचा काही संबंध नाही. ती एवढंच म्हणाली, "बोलव त्या पंखेवाल्याला."

पंखा काल बसला. आई माझं टेबल आवरते, म्हणून हा कागद मी आत्ताच फाडणार आहे. बाबा, डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.