टॉलीवूड आमचंच!

३ ऑगस्ट
आजपासून मोहीम. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत विचारलं, टॉलीवूड म्हणजे कुठल्या भाषेतला सिनेमा? एका कॉलेजकन्येने उत्तर दिलं, तेलुगू. बरोबर! टाळ्या! आणि हे मी ऐकतोय कुठे, तर खुद्द कोलकात्याच्या टॉलीगंजमध्ये, ट्राम डेपोच्या मागच्या गल्लीत, स्वतःच्या खुर्चीत बसून. ओरडलोच. बायको, सुचरिता, आतून म्हणाली, टीव्हीला ऐकू जात नाही, शेजाऱ्यांना जातं.
पस्तीस वर्षं बांगला सिनेमात चरित्र अभिनेता म्हणून उभा आहे. (सुचरिता म्हणते, 'मागे' उभा आहे.) नाव परत मिळवल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही. दुपारी जरा पडलो होतो, ते वेगळं.

७ ऑगस्ट
'टॉलीवूड नाम-रक्षा समिती'ची पहिली सभा. अध्यक्ष : निखिलरंजन समाद्दार, म्हणजे मी. हॉल भरेल असा अंदाज होता, म्हणून वाचनालयातली छोटी खोली घेतली नाही. चौघे आले. त्यातला एक पंख्याखाली बसायला आला होता.
भाषण जोरदार झालं. १९३२ साली एका अमेरिकन ध्वनी-इंजिनियरने टॉलीगंजला टॉलीवूड म्हटलं, तेव्हा बाकीच्या 'वूड'वाल्यांचा जन्मसुद्धा झाला नव्हता. मग मुंबईने उचललं, लाहोरने उचललं. मद्रासवाल्यांनी कोडंबक्कमचं कॉलीवूड केलं, काठमांडूनेही कॉलीवूडच केलं, म्हणजे नकलेचीही नक्कल.
फटिकदा आमचे जुने मेकअपमन. ते म्हणाले, "पण निखिल, आपलं तरी हॉलीवूडवरूनच ना? आणि ठेवलं तेही एका साहेबाने."
अध्यक्षांनी प्रश्न विषयबाह्य ठरवला.

९ ऑगस्ट
तोर्षाचा फोन. हैदराबादला साउंडचं काम करते, पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेली आहे. म्हणाली, "बाबा, मी लग्न करतेय." अभिनंदन केलं. मुलगा काय करतो? एडिटर आहे. कशाचा? सिनेमाचा. कुठल्या सिनेमाचा?
"बाबा, आता सुरू नका होऊ."
मुलाचं नाव फणींद्र. तेलुगू. शत्रू माजघरात शिरला आहे.

१० ऑगस्ट
निषेध म्हणून उपोषण. सुचरिताने मुद्दाम लुची आणि आलूदम केला. उपोषण लाक्षणिक असल्याचं सकाळीच ठरवलं होतं, ते दहाच्या सुमारास आठवलं.

१४ ऑगस्ट
तोडगा सुचला. लग्नाला माझा विरोध नाही, मी आधुनिक माणूस आहे. फक्त एक अट. मुलाच्या वडिलांनी समितीसमोर मान्य करायचं की टॉलीवूड हे नाव आमचं.
सुचरिता म्हणाली, "पोरगी द्यायची आहे की सीमावाद मिटवायचा आहे?"
तोर्षाला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "बाबा, ती माणसं पुढच्या रविवारी घरी येताहेत. तुम्ही त्यांच्यासमोर हा विषय काढलात ना, तर मी लग्न तिकडेच उरकीन. तुम्हाला फोटो पाठवीन." आणि फोन ठेवला.
पोकळ धमकी आहे. ती असं करणार नाही.

१५ ऑगस्ट
करेल.

१७ ऑगस्ट
सुचरिता दोन दिवस बोलत नाही. मी मात्र खंबीर. भाषण लिहायला घेतलं. आवाज मोठा ठेवायचा, बोट उगारायचं नाही. विषय मी काढणार नाही, विषय आपोआप निघेल अशी व्यवस्था करीन.

२१ ऑगस्ट
ते आले, तोर्षाही आली. फणींद्र आणि त्याचे वडील सुब्बरामय्या, निवृत्त हेडमास्तर, राजमंड्रीचे. सोबत पूतरेकुलू नावाची कागदासारखी मिठाई. तोंडात टाकली की नाहीशी होते. चार खाल्ल्या, मत बनवण्यापुरत्या.
फटिकदांना आधीच पढवून ठेवलं होतं. त्यांनी चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारलं, "तर मग हे टॉलीवूड नक्की कोणाचं म्हणायचं?" तोर्षाने माझ्याकडे असं पाहिलं की भाषणाचं पहिलं वाक्यच विसरलो.
सुब्बरामय्या हसले. "समाद्दार गारू, तुमचंच. ठेवून घ्या. आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नाही. आम्ही नुसतं 'इंडस्ट्री' म्हणतो. टॉलीवूड पेपरवाले म्हणतात."
एवढ्यात संपलं? मी प्रतिकाराची तयारी केली होती, शरणागतीची नाही. खिशातली भाषणाची पानं खिशातच राहिली. जिंकल्यावर माणसाने काय करायचं असतं ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.
मग ते म्हणाले, तुम्ही नट आहात ना, तुमचं एखादं काम दाखवा की. सुचरिता घाईने म्हणाली, अहो, जेवायला घेऊ या. पण मी सिनेमा लावला. माझा डॉक्टरचा सीन. हिरोची आई खाटेवर, मी नाडी बघतो, मान हलवतो. सीन आला आणि गेला. कोणालाच मी दिसलो नाही. माझी पाठ होती आणि पुढे सलाइनची बाटली.
फणींद्रने रिमोट घेतला. मागे नेलं, थांबवलं. आरशाच्या कोपऱ्यात माझा चेहरा. "हे बघा," तो वडिलांना म्हणाला, "डोळे बघा. एडिटर गाढव होता, इथे कापायलाच नको होतं."
पस्तीस वर्षांत माझ्यावर कोणी सिनेमा थांबवला नव्हता. डोळ्यांत काहीतरी गेलं. पंख्याची धूळ असणार. सुचरिता माझ्याकडे पाहत होती. आठवड्याने नीट बोलली. म्हणाली, "चला, जेवून घ्या."
मुलगा बरा आहे. समितीचा लढा तत्त्वाचा होता, व्यक्तीशी नव्हता.

११ डिसेंबर, हैदराबाद
काल लग्न लागलं. आज फणींद्रच्या ओळखीने एका शूटिंगला गेलो. उगाच, बघायला. त्यांचा डॉक्टरचं काम करणारा नट आला नव्हता, मला उभं केलं. नाडी बघितली, मान हलवली. ह्या वेळी चेहरा कॅमेऱ्याकडे. एक वाक्यही मिळालं, आवाज दुसऱ्याचा घालणार आहेत. आवाज ही दुय्यम गोष्ट आहे.
बाहेर पडलो तर फाटकाशी माणसं उभी. कॉलेजातली एक मुलगी पुढे आली, हिंदीत विचारलं, "सर, तुम्ही टॉलीवूडचे नट का?"
हाच तो क्षण. भाषण आता तोंडपाठ होतं. १९३२, अमेरिकन इंजिनियर, टॉलीगंज, सगळं. तोंड उघडलं. तेवढ्यात तिने वही आणि पेन पुढे केलं. मागे आणखी तिघे होते.
म्हटलं, "हो. टॉलीवूडचा."
सही बांगलात केली. त्यांना वाचता आली नाही, पण खूश होते. पुन्हा येणार का, विचारत होते.
समिती तूर्त स्थगित. फटिकदांना उद्या कळवीन. परवा कळवीन.