तीस वर्षं आईच्या आज्ञेत

यायला जमणार नाही म्हणून आईला कागद पाठवलास, त्यात येशूचं वाक्य घातलंस, ‘माझी आई कोण?’ आणि तो मोठ्याने वाचायचं काम आलं माझ्यावर! चार इयत्ता शिकलेली मी, अक्षराला अक्षर जोडत वाचत होते आणि तुझी आई शिवणयंत्रावर हात ठेवून ऐकत होती. एवढी लाज उभ्या जन्मात वाटली नव्हती.

प्रिय बटण्या,

बरा आहेस ना? असशीलच. बरी माणसंच असं लिहितात.

धर्मगुरूची दीक्षा मिळाल्यावरही मी तुला बटण्याच म्हणणार. तीन वर्षांचा असताना आईच्या डब्यातलं बटण गिळलंस. दोन दिवस ती तुझं भांडं तपासत होती. सापडलं, धुतलं आणि गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला लावलं. पुढे यंत्राखाली बसून लोहचुंबकाने टाचण्या गोळा करायचास. एकदा तिथूनच विचारलंस, “आजी, येशूला त्याची आई ओरडायची का?” मी म्हटलं, “ओरडल्याशिवाय पोर वाढतं का?” आई म्हणाली, “आणि तो ऐकायचा. दूध पी.” “देव असून?” “देव असून.” गटागट प्यायलास.

पेलाभर दुधात कळलं होतं ते एवढी पुस्तकं वाचून विसरलास? ज्याने आभाळ केलं त्याला दाढीमिशांसकट उतरता आलं असतं. नाही उतरला. पोटात राहिला, मांडीवर वाढला, बाईमाणसाकडून नाक पुसून घेतलं. बारा वर्षांचा असताना मंदिरात शास्त्र्यांमध्ये जाऊन बसला, पण आई शोधत आली तेव्हा निमूट घरी गेला आणि आज्ञेत राहिला. तीस वर्षं घरात, बाहेर जेमतेम तीन. लग्नघरी द्राक्षारस संपल्याचं आईने सांगितलं तेव्हा म्हणाला, माझी वेळ आली नाही. पण शेवटी ऐकलं आईचंच. खिळ्यांवर टांगलेला असतानाही आधी आईची सोय लावली. तू तर गाडीने चार तासांवर आहेस.

ती मागते काय? एक दिवस. दीक्षेच्या झग्याचं माप द्यायला ये म्हणते. तू मापं कागदावर पाठवलीस, वर लिहिलंस, विकतचाही चालेल. तिने गुमान कापड बेतलं. सुनेचं कौतुक मी पंचवीस वर्षांत तोंडावर केलेलं नाही, पण तुझा बाप गेल्यावर याच यंत्रावर तिने घर ओढलं आणि तिची शिवण कधी उसवावी लागली नाही. गेल्या आठवड्यात तिने तुझ्या झग्याची बाही उलटी जोडली. मी गुपचूप उसवून सरळ केली. तिला कळलं, बोटांनी.

तुझा कागद मला का वाचावा लागला, ते आता समजलं ना? तिचे डोळे चाललेत. दीक्षेच्या दिवसापर्यंत उजेड आणि अंधार एवढंच उरेल, असं डॉक्टर म्हणाले. माप हा बहाणा आहे रे. दिसतंय तोवर तिला तुझं तोंड बघायचंय. हे तुला कळवायचं नाही म्हणून तिने मला बजावलंय. पण मी सासू आहे, तिच्या आज्ञेत राहायला बांधलेली नाही. तू आहेस.

‘माझी आई कोण?’ याचं उत्तर तूच द्यायचं, आणि तिला. कागद नको, तो परत मलाच वाचावा लागेल. दारात उभा राहून दे.

तुझीच,
आजी